गौसियाच्या अंगणातली हवा

१

रामकिशनच्या पंक्चरच्या दुकानातला दिवस त्याच्या बायकोच्या, सरजाबाईच्या हातानं सुरू व्हायचा. चहा मागून, झाडलोट मागून. आधी कंप्रेसरचा फिल्टर. मशीनच्या डोक्याशी वाटीएवढा पत्र्याचा डबा होता. त्याचा नट हातानंच फिरवायचा, झाकण काढायचं आणि आतला नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा जाड, गोल तुकडा अलगद बाहेर घ्यायचा. मशीन हवा ओढतं ती या नमद्यातून. धूळ बाहेरच्या अंगाला अडकते, साफ हवा आत जाते. नमदा दगडावर हलकेच आपटायचा, रॉकेलमधून काढून पिळायचा, सावलीत वाळवायचा आणि मग नळीच्या हवेनं फुंकायचा. फुंकायचा तो आतल्या अंगाकडून बाहेर. उलटं फुंकलं की धूळ आणखी खोल रुतून बसते. सगळ्यात शेवटी टाकीच्या बुडाची तोटी सोडायची. हवेतली ओल टाकीत साचते. चमचा-दोन चमचे तांबूस, तेलकट पाणी गळायचं आणि दिवस मार्गी लागायचा.

रामकिशनला धुळीनं खोकला लागायचा, म्हणून हे काम तिनं अंगावर घेतलं होतं. चार बुकं शिकलेली बाई, पण नट किती आवळायचा हे तिच्या बोटांना बरोबर कळायचं.

दुकान अहमदपूरच्या अलीकडं फाट्यावर, नांदेड-लातूर रस्त्याला लागून. मागंच दोन खोल्यांचं घर. लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि त्यातली दोन वर्षं पावसाचा पत्ता नव्हता. नव्या जिल्ह्याच्या जीपा आणि पाण्याचे टँकर दिवसभर पळायचे, चाकं बसायची, धंदा बरा चालला होता. पण धूळ म्हणजे अशी, की सकाळी धुतलेला नमदा दुपारी चुलीतल्या राखेत लोळवल्यासारखा निघायचा. मशीन धापा टाकायचं.

धुळीचं एक वेळ राहू द्या. सरजाबाईला सलत होतं ते भिंतीपलीकडचं.

मागच्या भिंतीला भिंत लावून ताहेरचं घर होतं. तो ठेकेदाराची जीप चालवायचा. त्याच्या बायकोच्या, गौसियाच्या अंगणात हापसा होता, आणि फाट्यावरची झाडून सगळी बोअरं आटली तरी तो हापसा पाणी देत होता. आता वीस वर्षं फाट्यावरच्या बायका दुपारी जमायच्या त्या सरजाबाईच्या ओट्यावर. कुणाची सून रुसली, कुणाच्या घरी सोयरीक आली, सगळं आधी तिच्या कानावर यायचं आणि मग गावात जायचं. हापशानं सगळा ओटा पलीकडं नेला. भामाबाई गेली, धुरपताबाई गेली, तिच्याच हाताखाली पापड लाटायला शिकलेली सिंधुसुद्धा गेली. भिंतीपलीकडून गौसियाचं हसू ऐकू यायचं. आधी उचकी लागल्यासारखं, मग चढत चढत, आणि शेवटी समोरच्या पडलेल्या दातातून एक बारीक शीळ. शीळ वाजली की बाकीच्या बायका हसायच्या.

वर पुन्हा गौसियाच रोज सकाळी घागर घेऊन दारात उभी.

"अक्का, तुम्ही कशाला रांगेत उभं राहायचं? मी हाय ना."

"ठेव तिथं," सरजाबाई म्हणायची. भांडली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं.

२

उदगीरचा शिवप्पा मिस्त्री मशीन बघायला आला. त्यानं नमदा उन्हाकडं धरला, नाक मुरडलं.

"रामकिशनराव, या बाईनं रोज धुतला म्हणून तुमचं मशीन जित्तं हाय. रस्त्याची धूळ पाजून राहिलात त्याला. डब्याला लांब नळी जोडा. गार, साफ जागेतली हवा ओढू द्या."

"गार जागा या फाट्यावर कुठं हाय?" रामकिशन म्हणाला.

सरजाबाईची नजर आपसूक मागच्या भिंतीकडं गेली. पलीकडं सडा मारलेलं अंगण, कडुलिंबाची सावली, हापशापाशी वाढलेला मोगरा. भिंतीत दिवा ठेवायची जुनी दिवळी होती, तिथं भिंत पातळ होती.

ती स्वतः विचारायला गेली. गौसिया बायकांच्या घोळक्यात तांदूळ निवडत बसली होती. ऐकून ती हसत सुटली, शीळ वाजेपर्यंत.

"अक्का, हवा काय मी हापसून काढते का? घेऊन जावा की. लागंल तेवढी घेऊन जावा!"

बायकांनी टाळ्या दिल्या. सरजाबाईही हसली, पण घरी येईपर्यंत तिचे दात आवळलेलेच होते.

शिवप्पानं दिवळीला भोक पाडलं, मनगटाएवढी रबरी नळी आरपार घातली, सिमेंटनं पक्की केली. नळीचं एक टोक गौसियाच्या अंगणात, दुसरं फिल्टरच्या डब्यावर बसवलेलं.

३

पहिले आठ दिवस नमदा कोरा निघाला. नवव्या दिवशी ओला निघाला.

ओला म्हणजे दवानं ओला व्हावा तसा. सरजाबाईनं नाकाशी नेला. सडा टाकल्यावर मातीचा येतो तसा वास, आणि मागून मोगरा. पलीकडं सडा मारतात, तर येणारच, ती मनाशी म्हणाली. दगडावर आपटला, तर धूळ पडली नाही. रॉकेलमध्ये पिळला तेव्हा बोटाला एक लांब केस गुंडाळला गेला. मेंदीनं लाल झालेला.

वाऱ्यानं केस उडतात. अंगणात बाई बसते, वेणी घालते. यात काय विशेष?

मग तिनं टाकीची तोटी सोडली. तांबूस थेंब पडतील म्हणून खाली नेहमीची वाटी ठेवली होती. वाटी भरली. तिनं पेला लावला, पेला भरला. शेवटी कळशी आणली. पाणी कळशीत पडताना आवाज येत होता आणि ती तोटीसमोर उकिडवी बसून बघत होती. नितळ पाणी. तेलाचा तवंग नाही, गंज नाही. बोट बुडवून तिनं जिभेला लावलं.

गोड होतं.

"मशीनला ओल लागली असंल," रामकिशन म्हणाला. "गार हवा ना ती."

"हाव," सरजाबाई म्हणाली. कळशी तिनं पदराखाली झाकून घरात नेली. कुणी बघू नये असं का वाटलं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

४

पुढच्या पंधरवड्यात कळशीची घागर झाली, घागरीच्या दोन झाल्या. आणि त्याच पंधरवड्यात गौसियाचा हापसा जड झाला. आधी वीस हिसक्यांनी पाणी यायचं, मग पन्नास, मग नुसता खडखडाट.

पाणी जिथं तिथं बायका. एका दुपारी भामाबाई रिकामी कळशी घेऊन सरजाबाईच्या ओट्यावर टेकली. मागून धुरपताबाई, मागून सिंधु. सरजाबाईनं चहा टाकला. वीस वर्षांत इतक्या आनंदानं तिनं चहा टाकला नसेल.

"सरजे, हे पाणी कुठलं गं?" भामाबाईनं घोट घेऊन विचारलं.

"मशीनचं."

"मशीनला कधी पाणी सुटतंय का? गौसियाच्या हापशाचं लागतंय बघ. तस्संच गोड."

"गौसियाचं, गौसियाचं! माझं काहीच नसावं का?" सरजाबाई एवढ्या जोरात म्हणाली, की सिंधुच्या बशीतला चहा सांडला. मग तिनंच हसून विषय बदलला.

तेवढ्यात दुकानात रामकिशननं टँकरच्या चाकाला नळी लावली. नळीतून हवा सुटली. आधी उचकी लागल्यासारखी, मग चढत चढत, आणि शेवटी बारीक शीळ.



"इथं आली का काय गौसिया?" धुरपताबाईनं मान वळवली.

"हवा हाय ती," सरजाबाई म्हणाली. "नळी चिरली असंल."

तिनं नंतर नळी हातात घेऊन वीतभर वीतभर तपासली. कुठंच चिरलेली नव्हती. आणि ध्यानात आलं ते हे, की भिंतीपलीकडून हसू ऐकू येऊन बरेच दिवस झाले होते. आता तिकडून खोकला यायचा. कोरडा, लहान, मध्येच तुटणारा.

दुष्काळात घराघरात खोकला असतो. बोअर आज ना उद्या आटतंच. सरजाबाईनं एकेक कारण बोटावर धरलं आणि सगळी तिला पटली.

५

गौसिया आली ती भर दुपारी. ओट्यावर बायका बसल्या होत्या. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि सरजाबाईला क्षणभर ओळखूच आली नाही. अंगावरचं मांस कुणी काढून घेतल्यागत. पण गाल आत गेलेले बघून सरजाबाईच्या पोटात तुटलं नाही. आधी मनात आलं, ही आता इथं बसेल आणि सगळ्या हिच्याकडंच बघतील.

"अक्का," गौसिया म्हणाली आणि थांबली. दोन शब्दांमध्ये तिला श्वास घ्यावा लागत होता. "दुपारचं... जरा मशीन बंद ठेवाल का? ते चालू झालं की... माझ्या छातीत हवा राहत न्हाई."

"माय माय! बस गं खाली," भामाबाई उठली. "किती वाळलीस."

सिंधुनं पंखा घेतला. धुरपताबाईनं पाठीवर हात फिरवला. सगळ्यांनी सरजाबाईकडं पाठ केली.

"डाक्टरला दाखव," सरजाबाई म्हणाली. "मशीनचं आणि छातीचं काय?"

"दाखवलं. डाक्टर म्हणतो, काहीच न्हाई. पण मला कळतंय ना, अक्का. थोडंच दिवस. मी बरी होऊपर्यंत."

"बरं, बघते," सरजाबाई म्हणाली.

गौसिया गेली. रामकिशननं आतून विचारलं, "काय म्हणत होती?"

"काही न्हाई. मीठ मागायला आली होती."

आणि त्याच दुपारी तिनं स्वतः मशीनचं बटण दाबलं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नट फिरवला, झाकण काढलं, नमदा बाहेर घेतला आणि तो हातातून पडला.

बाहेरच्या अंगावर, जिथं धूळ बसायची, तिथं ओला ठसा होता. दोन ओठांचा. तहानलेलं माणूस ओल्या फडक्याला तोंड लावून चोखतं, तसे उमटलेले ओठ. वरच्या दातांची रांग रुतली होती. मध्ये एका दाताची जागा मोकळी होती.

तिनं तो रॉकेलमध्ये दोनदा पिळला. दुसरा नमदा बसवला. तासाभरानं मशीन थांबवून बघितलं. त्यावरही ओठ होते.

मग ती चप्पल न घालता रस्त्यावरून वळसा घालून ताहेरच्या दारात गेली. दार लोटलेलं होतं. अंगण वाळून तडकलं होतं. मोगऱ्याच्या काटक्या झाल्या होत्या. कडुलिंबाला पान नव्हतं, आणि कडुलिंब तर कधी वाळत नाही. भिंतीशी, नळीच्या तोंडाशी, गौसिया गुडघे टेकून बसली होती. पाठमोरी. दोन्ही तळहात भिंतीला लावून तिनं तोंड नळीला लावलं होतं आणि तिची पाठ वर-खाली होत होती. आपलं काही परत ओढून घ्यावं तशी.

नळी ओढत होती. मशीन तर सरजाबाई बंद करून आली होती.

गौसियानं तोंड न काढता फक्त डोळे तिच्याकडं फिरवले. त्या डोळ्यांत राग असता तरी चाललं असतं.

७

ती धावत दुकानात आली. वीज गेली होती. रामकिशन खांबापाशी वायरमनची वाट बघत उभा होता. ओट्यावर बायका जमल्या होत्या. टाकी मात्र भरलेली. हवेचा काटा एकशे वीसवर.

नमदा साफ करताना फुंकतो तसंच फुंकायचं, एवढंच तिला सुचलं. आतून बाहेर. तिनं नळीचं टोक डब्यावरून उपसलं, त्यात चाकात हवा मारायच्या नळीची तोटी घातली, भोवती चिंधी गच्च दाबली आणि तोटी सोडली.

टाकी फुसफुसायला लागली. काटा शंभरवर आला. ऐंशीवर. भिंतीपलीकडून एक मोठा, लांब श्वास ऐकू आला. काटा साठवर आला आणि पलीकडं उचकी लागली. मग हसू. अगदी पहिल्यासारखं, चढत चढत.

"अगं बाई, गौसिया हसली!" ओट्यावर भामाबाई ओरडली. "उतार पडला वाटतं. चला गं, बघून येऊ."

कपबशा खाली ठेवल्याचे आवाज आले. अर्ध्या भरलेल्या. कुणी सरजाबाईला 'येतेस का' म्हणालं नाही. पन्नास. पंचेचाळीस.

सरजाबाईनं तोटी बंद केली.

हसू मध्येच तुटलं. शीळ वाजली नाही. काटा चाळीसवर थांबला होता. बायका ओट्याखालीच घुटमळल्या, कान दिला आणि एकेक करत परत ओट्यावर येऊन टेकल्या. नळीतून, अगदी कानाशी बोलावं तसा हलका आवाज आला.

"उरली ती... राहू द्या तुम्हाला, अक्का."

सरजाबाईनं चिंधीचा बोळा करून नळीच्या तोंडात कोंबला.

घटका गेली नसेल, ताहेर जीप घेऊन दुकानासमोर आला. मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेली गौसिया, डोळे वर गेलेले.

"रामकिशनभाऊ, लातूरला न्यायला लागतंय. मागचं चाक बसून राहिलंय, जरा हवा मारा. जल्दी!"

"वीज न्हाई बाबा. टाकीत हाय तेवढी मारतो." रामकिशननं काट्याकडं बघितलं. "चाळीस हाय. भागंल."

"थांबा," सरजाबाई म्हणाली.

दोघंही तिच्याकडं बघायला लागले. आता काय सांगणार? ती हवा चाकात घालू नका, ती हिची हाय, हिलाच द्या? ओट्यावरून पाच बायका बघत होत्या.

"काही न्हाई," ती म्हणाली. "नीट मारा."

रामकिशननं नळी लावली. हवा चाकात गेली. काटा शून्याकडं आला आणि चाक उभं राहिलं. जीप हलली. गौसियाचं तोंड उघडं होतं, त्यातून काहीच येत नव्हतं. हसू चाकातून येत होतं. चाक फिरेल तसं बारीक, फिरत फिरत, वळणापर्यंत ऐकू येत राहिलं.

"बेअरिंग वाजतंय त्याचं," रामकिशन म्हणाला.

८

तिसऱ्या दिवशी ताहेर कपडे न्यायला आला. फाट्यावर उतरला तसा सगळ्यांनी त्याला घेरलं. सरजाबाई दारातच उभी राहिली. तीन दिवस तिच्या पोटात धड घास गेला नव्हता.

"काय सांगू," ताहेर म्हणाला. "चाकूरच्या पुढं ते मागचं चाक फुटलं. धाडकन! मी उतरलो, म्हणलं संपलं सगळं. वळून बघतो, तर ही उठून बसलेली. एवढा मोठा श्वास घेतला, अन् हसायला लागली. रस्त्यावर, भर उन्हात. डाक्टर म्हणतोय दोन दिवसांनी घेऊन जावा."

सरजाबाई खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. खरं रडली. भामाबाईनं तिची पाठ थोपटली. "जीव लावतेस गं तिला," ती म्हणाली.

गौसिया आली. दोन दिवसांनी हापसा बोलायला लागला. कडुलिंबाला तांबडी पालवी फुटली. इकडं टाकीच्या तोटीतून पुन्हा चमचाभर तांबूस पाणी गळायला लागलं. मशीन रस्त्याची धूळ ओढत होतं, नमदा राखेचा निघत होता. पुढच्या सोमवारी सरजाबाईनं सहा कप चहा टाकला आणि एकटीच दोन कप प्यायली. चार निवत राहिले.

हापशाला पाणी आलं त्याच सकाळी गौसिया स्वतः घागर घेऊन आली होती. नळीबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही.

"अक्का, तुम्ही रांगेत येऊ नका. मी हाय ना."

"ठेव तिथं," सरजाबाई म्हणाली होती.

मंगळवारी उजाडताच तिनं नेहमीसारखा नट फिरवला. नमदा दगडावर आपटला, रॉकेलमधून काढून पिळला. वाळलेला दुसरा नमदा डब्यात बसवला, झाकण लावलं, नट बोटांना कळेल तेवढा आवळला. भिंतीतली नळी तशीच लोंबत होती, तोंडात चिंधीचा बोळा. पलीकडं बायका लवकरच जमल्या होत्या. गौसिया काहीतरी सांगत होती आणि सगळ्या 'मग? मग?' करत होत्या.

काय सांगत होती, ते इकडं नीट ऐकू येत नव्हतं.

चिंधी काढली तर ऐकू येईल, एवढंच सरजाबाईच्या मनात आलं. दुसरं काही नाही. तिनं बोळा ओढला. कान लावला. गौसियाला उचकी लागली, हसू चढायला लागलं. सरजाबाईनं नळीचं टोक उचललं आणि डब्यावर बसवलं.

बटण तिनं दाबलेलं नव्हतं. तिच्या पाठीमागं काटा टक् करून हलला.

पलीकडचं हसू शिळेच्या अलीकडंच थांबलं. एका कोरड्या, लहान खोकल्यानंतर भिंतीतून हाक आली.

"अक्का?"

सरजाबाईनं चुलीवर आधण ठेवलं. सहा कपांचं.